दादा, मी खाटेवर चढलो!

प्रिय दादा,

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. पालघरच्या हॉस्पिटलातून सायकल मारत माहीमला घरी आलोय, अंगातला शर्ट पाठीला चिकटलाय, आणि हात इतके भरून आलेत की हे अक्षर तुम्हाला लागेल की नाही देव जाणे. तुम्ही जाऊन वर्ष झालं. वर्षभर तुम्हाला पत्र लिहायचं म्हणत होतो, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. आज आहे!

आज मी एका माणसाला परत आणलं, दादा. छाती दाबून. माझ्या या दोन हातांनी! आणि कुणाला माहितीय? नारूकाकाला. हो, तोच, आपल्या कुंपणापलीकडचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून ज्याच्याशी तुम्ही सहा वर्षं बोलला नाहीत तो. रागावू नका. आधी सगळं ऐकून घ्या.

पण त्याच्या आधी तुमच्या दिवसाचं बोलायला हवं. ते मी आजवर कुणाशी बोललो नाही.

त्या सकाळी तुम्ही पानमळ्यातच छाती धरून खाली बसलात. टांग्यातून पालघरला नेलं तेव्हा तुम्ही घोड्याला शिव्या घालत होतात, म्हणून मला वाटलं, काही नाही, दादा बरे आहेत. हॉस्पिटलात खाटेवर टेकवलं आणि पाचच मिनिटांत तुमचे डोळे वर गेले. डॉक्टर प्रधान तेव्हा नुकतेच मुंबईहून आलेले, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे. ते धावत आले आणि तुमची छाती दोन्ही हातांनी दाबायला लागले. मी म्हटलं, हे काय चाललंय! मारतायत की काय माझ्या बापाला?

छाती न फाडता, नुसती वरून दाबून बंद पडलेलं काळीज चालवायचं, ही नवीन विद्या. आमच्यातल्या कुणी कधी ऐकलीसुद्धा नव्हती. डॉक्टर दमले. सिस्टर मार्था तुमचं नाक धरून तोंडातून श्वास भरत होत्या. तिसरं माणूस नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, "या इकडे! इथे हात. दाबा. सेकंदाला एक."

मी दाबायला लागलो. पण कसा? ऐका. खाट उंच, माझ्या कमरेच्याही वर. मी जमिनीवर उभा, वाकून, कोपरं दुमडलेली. खाली स्प्रिंगा आणि काथ्याची गादी. मी दाबलं की तुम्ही गादीसकट खाली, सोडलं की गादीसकट वर. तुमची छाती जेमतेम हलत होती, खाट मात्र झोपाळ्यासारखी हलत होती! डॉक्टर ओरडले, "असं नाही, वर चढा! गुडघा टेका खाटेवर!"

मी चढलो. आणि चढताना माझा पाय तुमच्या हाताला लागला.

दादा, मी थांबलो.

थांबलो, तुमच्या हाताला हात लावला, कपाळाला लावला, मग छातीला. सवयीनं. लहानपणापासून तुम्हीच लावलेली सवय ना ही? पुस्तकाला पाय लागला, नमस्कार. पानांच्या करंडीला पाय लागला, नमस्कार. मोठ्या माणसाला लागला, तर दोनदा. मी दोनदा केला! आणि मग पुन्हा गुडघा टेकायला धीरच होईना. बापाच्या दंडाला गुडघा घासतोय, बापाच्या अंगावर पाय येतोय, असं कसं चालेल? मी खाली उतरलो आणि पुन्हा जमिनीवरून दाबायला लागलो. तेच वाकणं, तीच वाकडी कोपरं. डॉक्टरांनी मला बाजूला केलं, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

किती वेळ गेला असेल त्यात? वर्षभर मी हे मोजतोय. दोन नमस्कार, एक चढणं, एक उतरणं. तुम्हाला तेवढाच वेळ हवा होता का हो, दादा?

आणि आई! ती दारात उभी होती. तिनं पाहिलं. तेव्हापासून जो भेटेल त्याला ती सांगते, "माज्या वसूनं वडलांना शेवटचा नमस्कार केला. जीव जाताना. कुनाच्या नशिबात हाय असं?" लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी उठून परसात जातो.

तुमचे दिवस झाले आणि पहिल्याच रविवारी मी डॉक्टरांकडे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, "तुम्ही काय करता?" म्हटलं, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय तिथे स्टोअरमध्ये क्लार्क आहे, आणि कथा लिहितो. ते म्हणाले, "कसल्या?" म्हटलं, लोकांना न कळणाऱ्या. ते खूप हसले. मग म्हणाले, "मला एक माणूस कमी पडतो खरा. रविवारी येत जा."

तेव्हापासून प्रत्येक रविवारी, दादा! वॉर्डामागच्या पडवीत, भाताच्या तुसानं भरलेल्या पोत्यावर. डॉक्टर, सिस्टर मार्था आणि मी. आधी पोतं गादीवर ठेवून दाबायचं, मग जमिनीवर ठेवून. फरक हातालाच कळतो! गादीवर तुमची निम्मी ताकद गादी खाते. म्हणून पाठीखाली कडक काहीतरी पाहिजेच. मी आपल्या सुताराकडून फळी करून नेली, खांद्यापासून कमरेपर्यंत पुरेल अशी, कडा घासून गुळगुळीत. वॉर्डबॉयनं दुसऱ्याच दिवशी तिचा ट्रे केला. डॉक्टरांच्या चहाचे ग्लास तिच्यावरून यायचे. सिस्टर ओरडायच्या, "ही चहाची नाही, प्राणाची फळी आहे!" तो म्हणायचा, "सिस्टर, चहापन प्रानच हाय."

आणि उभं राहणं! यावर मी वही भरलीय. हात छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्या भागात. फक्त तळव्याची टाच टेकवायची, बोटं वर, बरगड्यांना लावायची नाहीत. दुसरा हात त्यावर. कोपरं सरळ, अगदी काठीसारखी. खांदे बरोबर हातांच्या वर, ना पुढे ना मागे. आणि दाबायचं हातानं नाहीच! कमरेतून झुकायचं, वजन आपोआप खाली येतं. डॉक्टर म्हणायचे, "दंडाचं काम नाही हे. पाठीचं आहे. देवानं वजन कशाला दिलंय?" छाती दीड-दोन इंच खाली गेली पाहिजे, आणि मग पूर्ण वर येऊ द्यायची. ती वर आली नाही तर काळजात रक्त भरणार कुठून? पण हात उचलायचा नाही. सोडायचं आणि तरी टेकून राहायचं. हे सगळ्यात कठीण आहे, दादा.

पहिल्या दिवशी मी शंभर दाबले आणि मनगटं सुजली. दुसऱ्या रविवारी एकदम लक्षात आलं, की हे मी पाहिलंय! तुम्ही पानांच्या करंड्या भरायचात तेव्हा. गुडघ्यावर बसून, हात ताठ, अंगाचं सगळं वजन तळव्यावर. पान मोडता कामा नये आणि करंडी ढिली राहता कामा नये. मी शेजारी बसून नुसता बघायचो, आणि एकदा हात घातला तर पानं चेचली. तुम्ही म्हणालात, "हातानं नको रे, अंगानं दाब." मी चिडून पुस्तक घेऊन ओट्यावर गेलो. का जाऊ दिलंत मला? एक कानाखाली देऊन बसवलं असतंत तर! कॉलेजात पाठवलंत, मोठा खर्च केलात, आणि ही एक गोष्ट शिकवायची राहिली की हो.

मी त्यावर कथासुद्धा लिहिली. प्रत्येक वाक्य एका दाबाएवढं, मध्ये सोडल्याएवढी मोकळी जागा. मुंबईच्या एका संपादकानं ती परत पाठवली, वर चिठ्ठी, "छपाईचा कागद महाग आहे, मोकळ्या जागा आम्ही विकत घेत नाही." बरोबरच होतं त्याचं. मी करून बघायच्या ऐवजी लिहून बघत होतो.

आता आजचं!

नारूकाकाच्या पायावर परवा कोयता घसरला. जखम चिघळली, पाय भोपळ्यासारखा सुजला. हॉस्पिटलात ठेवलंय. काकी तिथेच. सकाळी आई म्हणाली, "वसू, त्यांना डबा देऊन ये." मी म्हटलं, त्यांना? दादांच्या अंत्यविधीला जो कुंपणापर्यंत आला आणि पुढे आला नाही, त्याला? आई म्हणाली, "भांडन त्यांचं होतं. भूक काकीला लागते."

मी डबा घेऊन पोचलो, तर काका खाटेवर बसलेला. मला बघून तोंड फिरवलं. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि ते टेबलापाशी कागद लिहीत बसले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. काका अंग खाजवायला लागला. म्हणाला, "गला आवलतोय रं…" ओठ निळे, चेहरा पांढराफटक, आणि आडवा झाला. धाडकन!

डॉक्टरांनी मानेला बोटं लावली. "नाडी नाही! सिस्टर, ॲड्रिनलीन! वसंतराव, फळी!"

फळीवर चहाचे चार ग्लास. मी फळी तशीच ओढली. ग्लास फुटले, चहा भिंतीवर! सिस्टरनी काकाला कुशीवर केलं, मी फळी सरकवली. आणि खाट तशीच उंच, दादा. तशीच. मी खाली उभा राहिलो आणि कोपरं वाकली. मला ती वाकताना दिसली!

मी चढलो. दोन्ही गुडघे खाटेवर. एक काकाच्या दंडाला अगदी चिकटून. पाऊल त्याच्या कमरेला. आणि तेव्हा कळलं, की चपला काढल्याच नाहीत!

काकी किंचाळली, "अरं वसू! चपला! पाय लागतोय काकांना!"

दादा, माझा उजवा हात उचलला गेला. खोटं नाही सांगत. वीतभर उचलला गेला. कपाळाकडे निघाला होता तो.

मी तो तिथूनच खाली आणला. काकाच्या छातीवर. म्हटलं, "लागू दे, काकी!" आणि दाबलं.

एक. दोन. तीन. कोपरं सरळ. खांदे वर. कमरेतून. खाली फळी, त्यामुळे सगळा जोर छातीतच जात होता, एक कण वाया नाही! पहिल्या काही दाबांत एक बरगडी कटकन वाजली. डॉक्टर म्हणाले, "वाजू द्या. बरगडी जुळते. थांबू नका." ते तोंडावर जाळीचं कापड ठेवून श्वास भरत होते. सिस्टरनी सुई दिली आणि मग नाडी चाचपायला काकाच्या जांघेत बोटं रोवली. मी दाबतोय, त्या डोळे मिटून उभ्या. आणि एकदम ओरडल्या, "लागतेय! नाडी लागतेय तुमच्या दाबाला! प्रत्येक दाबाला!"

तुम्हाला समजतंय का, दादा, म्हणजे काय ते? त्याचं काळीज बंद होतं आणि रक्त चाललं होतं. माझ्या पाठीनं चाललं होतं! मला त्या क्षणी हसू फुटलं. मोठ्यानं हसत होतो मी. काकीला वाटलं, या पोराचं डोकं फिरलं.

मग दमलो. घाम डोळ्यात. सिस्टरनी माझ्या कोपरावर चापट मारली, "वाकतंय!" मी ताठ केलं. पुन्हा वाकलं. "तीन म्हटल्यावर मी," सिस्टर म्हणाल्या आणि पांढरी साडी खोचून पलीकडून खाटेवर! एक, दोन, तीन. माझे हात निघाले, त्यांचे पडले. मध्ये एकही दाब चुकला नाही. वॉर्डातली सगळी माणसं खाटांवर उठून बसलेली. एक म्हातारा म्हणाला, "बाईमानूस पुरुषाच्या खाटंवर!" सिस्टर दाबता दाबताच म्हणाल्या, "आजोबा, तुमची पाळी आली की विचारीन हं, चढू का नको!"

माझी पुन्हा पाळी आली. आणि मग, दादा, माझ्या तळव्याखाली काहीतरी हललं. माझं नव्हतं ते. काका खोकला. हात झटकला. डॉक्टर ओरडले, "थांबा!" मानेला बोटं. आम्ही सगळे त्या बोटांकडे बघतोय. काकीसुद्धा.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याची स्वतःची आहे."

मी खाटेवरून उतरलो आणि सरळ जमिनीवर बसलो, चहात आणि काचांत.

तासाभरानं काकानं डोळे नीट उघडले. पहिलं वाक्य काय असेल? "छातीवर कोन बसलेला?"

काकी म्हणाली, "वसू."

"कोन वसू? पलीकडल्याचा?" मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बापासारकाच हाय. बसला की उठत नाय." मग श्वास घेतला, कळ आली, तोंड वाकडं केलं. "बुधवारची पाळी देनार नाय मी. सांगून ठेवतो."

"नको देऊ, काका," मी म्हटलं. त्यानं डोळे मिटले. बाजूनं पाणी आलं डोळ्यातून. मी नाही बघितलं असं दाखवलं. तुम्हीही नाही बघितलं असंच समजा.

डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. म्हणाले, अजून दोन दिवस सांभाळायला लागेल, पण बहुतेक निभावलं. मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "काय?" आणि मी वर्षभराचं ते विचारून टाकलं. दादांच्या वेळी थांबलो नसतो तर?

ते बराच वेळ साबण लावत राहिले. "बरं वाटेल असं सांगू का खरं सांगू?"

"खरं."

"मला माहीत नाही. तुमच्या वडलांचं काळीज दुखण्यानं बंद पडलं होतं. याचं इंजेक्शनानं. ते वेगळं, हे वेगळं. कदाचित काही केलं तरी नसते वाचले." मग नळ बंद केला. "पण वसंतराव, त्या दिवशी फळी नव्हती. आणि मी स्वतः तुमच्या आधी वाकड्या कोपरांनीच दाबत होतो. मी ते फक्त वाचलेलं होतं. सगळी चूक एकट्यानं घेऊन बसू नका. मलाही त्यातलं थोडं द्या."

दिलं, दादा. थोडं दिलं. उरलेलं घेऊन घरी आलो.

आई ओट्यावर कोलंबी सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फळी, चहा, चपला, काकी. ती हसली. "चपला घालून? नारूभावजींच्या खाटंवर?" पदर तोंडाला लावून हसत होती. मग हसता हसता थांबली. कोलंबी हातातच राहिली.

"मंग," ती म्हणाली, "त्यांच्या टायमाला तू थांबलेलास. तो नमस्कार…"

मी खोटं बोलू शकलो असतो. किती सोपं होतं! तिचा तो नमस्कार तिच्यापाशी राहिला असता. कुनाच्या नशिबात हाय असं, असं तिनं मरेपर्यंत सांगितलं असतं.

"तो निरोपाचा नव्हता, आई. पाय लागला म्हणून केला. मला वर चढायला सांगत होते, मी चढलो नाही. चुकलो."

तिनं हातातली कोलंबी पातेल्यात टाकली. आत गेली. मला वाटलं, आता रडेल. वाटलं, आता ती माझ्याशी कधी बोलायची नाही. आतून भांड्याचा आवाज, मग पाण्याचा. हात धूत होती.

बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत चटई होती आणि तुमची उशी. चटई घातली. उशी मधोमध ठेवली. लुगडं खोचून गुडघ्यावर बसली आणि माझ्याकडे बघितलं.

"हात कुटं ठेवायचं?"

"आई, राहू दे आता…"

"कुटं ठेवायचं, दाकव म्हनते ना."

मी दाखवलं. तळव्याची टाच. बोटं वर. कोपरं सरळ. तिची कोपरं पहिल्या फटक्यातच सरळ राहिली, दादा! मला सहा रविवार लागले होते!

"आनि समोर नवरा असला तरी गुडगा लावायचा?"

"लावायचा."

"थांबायचं नाय?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि दाबायला लागली. मोजत नव्हती. नुसती दाबत होती. डोळ्यांतून पाणी उशीवर पडत होतं आणि ती दाबत होती. मी शेजारी बसून आकडे म्हणत राहिलो. मग हळूच उठून आत आलो, म्हटलं, तुम्हाला हे लगेच कळवलं पाहिजे.

दादा, एक वचन देतो. पुढच्या रविवारपासून आपल्या अंगणात माहीमच्या ज्याला यायचं त्याला हे शिकवणार. बागायतदार, कोळी, शाळेतले मास्तर, सगळ्यांना. डॉक्टर येतो म्हणालेत. आणि प्रत्येकाला पहिल्यांदा मी तुमची गोष्ट सांगणार, आहे तशी. माझ्या नमस्कारासकट. तुमची परवानगी मागत नाही, तुम्ही दिलीच असती.

बाहेर ती अजून दाबतेय. आवाज येतोय. पंचावन्न वर्षांची आहे, इतका वेळ एकट्यानं दाबायचं नसतं, कोपरं वाकतात. मला जायला हवं. आता माझी पाळी.

तुमचा,
वसू